बाझी : जागावाटपाचे गणित विभाजकासह समोर ठेवणारे मोफत सॉफ्टवेअर

पुणे महापालिकेच्या स्थायी समितीत १६ नगरसेवक असतात. सभागृहात कोणत्या पक्षाचे किती जण आहेत, त्या तौलनिक संख्याबळावर ही नेमणूक होते. युरोपातल्या अनेक देशांत संसदेच्या निवडणुकीनंतर जे गणित मांडतात, तेच गणित शिवाजीनगरच्या महापालिका भवनातही मांडावे लागते. तिथे लाखो मते असतात, इथे दीडशेहून थोडे जास्त नगरसेवक, एवढाच फरक. गणित पाचवीच्या भागाकाराचे आहे, तरी वाद होतात. त्याचे कारण बहुतेक वेळा एकच असते. उत्तर सगळ्यांना सांगितले जाते, पण ते पडताळायला काहीच हातात दिले जात नाही.

बाझी या सॉफ्टवेअरची शिफारस करायची ती याच मुद्द्यावर. जर्मनीतल्या ऑग्सबुर्ग विद्यापीठात प्राध्यापक फ्रीडरिश पुकेल्सहाइम यांच्या गटाने ते तयार केले. नाव एका लांबलचक जर्मन शब्दसमूहाची आद्याक्षरे जोडून बनले आहे आणि जर्मन लोक त्याचा उच्चार ‘बात्सी’ असा करतात. ते मोफत आहे आणि जावा या संगणकीय प्रणालीवर चालते. त्यामुळे संगणकावर आधी जावा हवे, मोबाइलवर ते उघडत नाही. भाषा जर्मन, इंग्रजी, फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, मराठी नाही. दिसायला जुन्या वळणाचे आहे. डावीकडे नावे आणि आकडे भरायचे, एकूण जागा लिहायच्या, पद्धत निवडायची, की निकाल साध्या मजकुराच्या रकान्यांत उमटतो. पक्षांची नावे रोमनमध्ये आणि आखूड ठेवावीत. देवनागरी जोडाक्षरांची रुंदी कमीजास्त असते, त्यामुळे असे रकाने सरकतात आणि छापलेल्या पानावर आकडा भलत्याच ओळीला लागल्यासारखा दिसतो.

आता एक नमुना घेऊन बघू. आकडे कल्पित आहेत, सभागृह मात्र २०१७ इतकेच, १६२ जणांचे. क पक्षाचे ८४, ख ४३, ग १९, घ १० आणि च ६. जागा १६.

बाझीत पद्धतींची यादी मोठी आहे आणि नवा माणूस पहिल्यांदा अडखळतो तो इथेच, कारण एकाच पद्धतीला अमेरिकेत एक नाव आणि युरोपात दुसरे. हॅमिल्टन म्हणजेच हेअर-नीमायर. जेफरसन म्हणजेच डी’हॉन्ट. वेबस्टर म्हणजेच सँत-लाग्यू. या तीन जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवल्या की बहुतेक काम भागते.

हॅमिल्टनने ८, ४, २, १, १ असे वाटप होते. सँत-लाग्यूनेही तेच. डी’हॉन्ट लावले की ९, ४, २, १, ० होते. म्हणजे च गटाची जागा गेली आणि क पक्षाला एक जास्त मिळाली. माणसे तीच, समिती तीच, फक्त भागाकारानंतरच्या अपूर्णांकाचे काय करायचे याचा नियम बदलला. डी’हॉन्ट अपूर्णांक सरळ टाकून देतो, त्यामुळे मोठ्या पक्षाचा फायदा होतो. सँत-लाग्यू अर्ध्याच्या वर असेल तर वरचा पूर्णांक घेतो, खाली असेल तर खालचा.

निकालाखाली बाझी विभाजक छापते, म्हणजे ज्याने प्रत्येक पक्षाच्या संख्येला भागले की जागा निघतात तो आकडा. हा एक आकडा या सॉफ्टवेअरचा खरा ऐवज आहे. वरच्या उदाहरणात सँत-लाग्यूचा विभाजक १० येतो. आता फोनवरचा कॅल्क्युलेटर काढा. ८४ भागिले १० म्हणजे ८.४, म्हणून ८. ४३ चे ४.३, म्हणून ४. १९ चे १.९, म्हणून २. १० चा १. सहाचे ०.६, म्हणून १. बेरीज १६. डी’हॉन्टला विभाजक ९: ९.३३, ४.७८, २.११, १.११, ०.६७, अपूर्णांक खोडा, ९, ४, २, १, ०, बेरीज १६. पडताळणीला अर्धे मिनिट पुरते. समोरच्या गटनेत्याला सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवायची गरजच उरत नाही, तो स्वतः भागाकार करून बघू शकतो. ९ हा काही एकमेव बरोबर विभाजक नव्हे. या उदाहरणात ८.६ पेक्षा मोठा आणि ९.३३ पर्यंतचा कोणताही आकडा तेच उत्तर देतो. त्या पट्ट्यातला सुटसुटीत आकडा बाझी निवडते, आणि ते फार उपयोगी आहे. ९.०८७३ असा विभाजक कोणी सभागृहात वाचून दाखवणार नाही.

पण महापालिकेच्या कामासाठी यादीतली हवी ती पद्धत निवडण्याची मोकळीक नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३१-अ मध्ये रीत सांगितली आहे. एकूण नगरसेवकांच्या संख्येला समितीच्या सदस्यसंख्येने भागायचे. जो आकडा (कोटा) येईल त्याने प्रत्येक पक्षाच्या किंवा गटाच्या संख्येला भागायचे. आधी पूर्णांकाइतक्या जागा द्यायच्या. उरलेल्या जागा मोठ्या अपूर्णांकापासून उतरत्या क्रमाने एकेक करून द्यायच्या. ही सरळसरळ हॅमिल्टनची पद्धत आहे. बाझी कोणत्याही पद्धतीने तितक्याच शांतपणे उत्तर देते, कायद्याला कोणती चालते ते विचारत नाही. चुकून डी’हॉन्टवर टिचकी पडली तर निकाल तितकाच नीटनेटका दिसेल आणि पूर्ण चूक असेल.

दुसरी अडचण जास्त छुपी आहे. बाझी जेवढे आकडे भरले त्यांचीच बेरीज एकूण मानते. समजा च हा गट नसून ते सहा सुटे अपक्ष आहेत आणि त्यांनी विभागीय आयुक्तांकडे गटनोंदणी केलेली नाही. मग त्यांना जागा नाही, पण कायद्यातली ‘एकूण नगरसेवक’ ही संख्या १६२च राहते आणि कोटा १६२ भागिले १६, म्हणजे १०.१२५. बाझीत मात्र फक्त चार पक्ष भरले तर बेरीज १५६ होते आणि कोटा ९.७५ येतो. या नमुन्यात दोन्ही वाटांनी ९, ४, २, १ असेच उत्तर निघते, म्हणून चूक लक्षातही येत नाही. आकडे थोडे बदलले की उत्तर बदलू शकते, आणि उत्तर जुळले तरी कागदावरचा कोटा चुकलेला असतो. आक्षेप घेणाऱ्याला तेवढे पुरते.

म्हणून हॅमिल्टनसाठी आमचे मत स्पष्ट आहे: बाझी पडताळणीला ठेवा आणि मूळ गणित स्प्रेडशीटमध्ये करा, तेही दशांश चिन्हाशिवाय. प्रत्येक पक्षाच्या संख्येला १६ ने गुणा, मग १६२ ने भागा, आणि भागाकार व बाकी वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. क: ८४ गुणिले १६ म्हणजे १३४४, भागाकार ८, बाकी ४८. ख: ६८८, भागाकार ४, बाकी ४०. ग: ३०४, भागाकार १, बाकी १४२. घ: १६०, भागाकार ०, बाकी १६०. च: ९६, भागाकार ०, बाकी ९६. भागाकारांची बेरीज १३, म्हणजे तीन जागा उरल्या. त्या सर्वांत मोठ्या तीन बाक्यांना: घ, ग, च. शिवाय एक फुकटची तपासणी मिळते. बाक्यांची बेरीज करा: ४८ अधिक ४० अधिक १४२ अधिक १६० अधिक ९६ म्हणजे ४८६. ती १६२ ने निःशेष भागली गेलीच पाहिजे आणि भागाकार उरलेल्या जागांइतकाच, इथे ३, आला पाहिजे. नाही आला तर कुठेतरी आकडा भरताना चुकला आहे. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क दोन्हींत ‘इंट’ आणि ‘मॉड’ ही सूत्रे या कामाला पुरतात. सुटे अपक्ष असतील तर भागायला १६२च घ्यायचे आणि त्यांची ओळ बाक्यांच्या बेरजेसाठी ठेवायची, जागा देताना मात्र वगळायची.

दशांशाऐवजी बाकी घेण्याचे कारण बरोबरीत कळते. समजा क पक्षातले सहा जण वेगळा गट करून बाहेर पडले. आता संख्या ७८, ४३, १९, १०, ६, ६. मोठ्या बाक्या घ, ग आणि क यांच्या (१६०, १४२, ११४), आणि चौथ्या उरलेल्या जागेसाठी दोन्ही सहांची बाकी ९६. शीटमध्ये दशांश असतील तर १५व्या स्थळावरचा केर एकाला पुढे ढकलू शकतो आणि तसे झाल्याचे कळतही नाही. पूर्ण संख्येत ९६ म्हणजे ९६च. बाझी इथे चोख वागते: बरोबरी असेल तर जागांच्या आकड्यापुढे अधिक किंवा उणे चिन्ह लावून सांगते की ही जागा इकडून तिकडे जाऊ शकते. चिठ्ठी ती स्वतः टाकत नाही. निकाल छापताना ही चिन्हे खोडू नका.

शीटमध्ये सर्रास होणारी चूक म्हणजे ‘राऊंड’ लावणे. १६ जागांना वरच्या नमुन्यात ‘राऊंड’ बरोबर उत्तर देते, म्हणून लोक निर्धास्त होतात. तेच ८ जागांना लावून बघा: ४.१४८, २.१२३, ०.९३८, ०.४९४, ०.२९६. होतात ४, २, १, ०, ०, बेरीज ७. एक जागा हवेत.

आठ जागांचा विषय आला आहे तर तो पुरताच सांगितला पाहिजे, कारण पुण्यात दर वर्षी त्याच्याशी गाठ पडते. स्थायी समितीचे निम्मे सदस्य दर वर्षी निवृत्त होतात, पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकून. आठ जागा रिकाम्या झाल्या की हात आपोआप ‘एकूण जागा’च्या चौकटीत ८ लिहायला जातो. तसे करू नका. ८ जागांना हॅमिल्टन लावले तर ४, २, १, १, ० येते. असे दोनदा झाले की समिती ८, ४, २, २, ० अशी बनते: १० जणांच्या घ ला दोन जागा आणि सहा जणांच्या च ला एकही नाही. १६ चे गणित मात्र ८, ४, २, १, १ सांगते. तेव्हा गणित नेहमी पूर्ण १६ चे करायचे, समितीत अजून बसलेले सदस्य पक्षनिहाय वजा करायचे आणि जो फरक उरेल तेवढ्या जागा त्या पक्षाच्या. मधल्या काळात पक्षांतर, राजीनामा किंवा पोटनिवडणूक झाली असेल तर भागाकाराआधी संख्या त्या दिवसाची घ्यायची.

डी’हॉन्ट शीटमध्ये करायचा तर रीत वेगळी. प्रत्येक पक्षाची संख्या १, २, ३ असे करत १६ पर्यंत भागून ओळीत मांडा. ‘लार्ज’ने सगळ्या चौकटीतला १६वा मोठा आकडा काढा, नमुन्यात तो ८४ भागिले ९, म्हणजे ९.३३. मग ‘काउंटइफ’ने प्रत्येक ओळीत तेवढे किंवा त्याहून मोठे किती आहेत ते मोजा. बेरीज १६ ऐवजी १७ आली तर शेवटच्या जागेला बरोबरी आहे. सँत-लाग्यूला १, ३, ५, ७ ने भागा, बाकी सगळे तेच. स्वीडन आणि नॉर्वे यांनी यात पहिला भाजक १ ऐवजी १.४ ठेवला होता, म्हणजे छोट्या पक्षाला पहिली जागा मिळवणे अवघड व्हावे. स्वीडनने २०१८ पासून तो १.२ केला.

आघाड्यांचा हिशोब करणाऱ्यांना बाझीचा मोठा उपयोग आहे, कारण एक आकडा बदलून लगेच फरक दिसतो. ख आणि च एकत्र येऊन ४९ झाले तर डी’हॉन्टने त्यांना ५ जागा मिळतात आणि क ९ वरून ८ वर येतो. सुटे असताना त्यांना ४ आणि ० होत्या. हॅमिल्टनमध्ये मात्र तेच दोघे एकत्र येऊनही ५ वरच राहतात, सुटे असतानाही ४ आणि १ मिळून ५च होत्या. डी’हॉन्ट एकत्र येणाऱ्यांना बळ देतो. हॅमिल्टनमध्ये सहा माणसांच्या ०.५९३ ला पूर्ण जागा मिळू शकते, त्यामुळे फुटून छोटा गट करण्याचा मोह होतो. गटनोंदणीच्या वेळी ही गोष्ट ज्याला माहीत असते त्याची बाजू वरचढ ठरते, आणि ती सर्वांना माहीत असावी असे आम्हाला मनापासून वाटते.

हॅमिल्टनचा आणखी एक दोष बाझीवर तपासता येतो. अमेरिकेत १८८०च्या जनगणनेनंतर सभागृहाचे आकारमान २७५ पासून ३५० पर्यंत बदलून गणिते केली, तेव्हा दिसले की २९९ जागा असताना अलाबामाला ८ मिळतात आणि ३०० केल्यावर ७. एकूण जागा वाढली आणि वाटा घटला. डी’हॉन्ट, सँत-लाग्यू अशा विभाजकाच्या पद्धतींत असे कधी होत नाही. जर्मनीच्या संसदेनेही याच वाटेने प्रवास केला: १९८३ पर्यंत डी’हॉन्ट, १९८७ ते २००५ हेअर-नीमायर आणि २००९ पासून सँत-लाग्यू. बाझीसोबत येणाऱ्या निवडणूक आकड्यांच्या साठ्यावर हे सगळे चालवून बघता येते. राज्यशास्त्र किंवा संख्याशास्त्र शिकवणाऱ्या पुण्यातल्या शिक्षकांसाठी तो साठाच मोठी देणगी आहे. एक तास, एक संगणक, आणि वर्गातल्या मुलांनी फोनवर विभाजक तपासायचा.

लोकसभेच्या जागांचा अभ्यास करायला ‘किमान जागा’ची सोय लागते. राज्यनिहाय संख्या अजून १९७१च्या जनगणनेवर आधारलेली आहे. २०११ची लोकसंख्या भरून ५४३ जागा नुसत्या प्रमाणात वाटल्या तर महाराष्ट्राचा वाटा आजच्या ४८ ऐवजी सुमारे ५०.४ येतो, उत्तर प्रदेशचा ८० ऐवजी सुमारे ८९.६, केरळचा २० ऐवजी सुमारे १५, तामिळनाडूचा ३९ ऐवजी सुमारे ३२. एका जागेमागे सुमारे २२.३ लाख माणसे येतात आणि लक्षद्वीपची लोकसंख्या ६४,४७३. तिथे किमान १ लिहिले नाही तर सँत-लाग्यू त्याला शून्य देणार.

राज्यसभा आणि विधान परिषद यांच्यासाठी बाझी उघडू नका. तिथे एकल संक्रमणीय मत आहे, पसंतीक्रम आहेत, आणि त्यातले मतांचे हस्तांतरण बाझी करत नाही. राज्यसभेच्या ६ जागा असतील आणि विधानसभेचे सर्व २८८ आमदार मत देतील तर प्रत्येक मताचे मूल्य १०० धरून २८,८०० ला ७ ने भागायचे, अपूर्णांक सोडून १ मिळवायचा: कोटा ४,११५. पहिल्या पसंतीच्या ४२ मतांत माणूस निवडून येतो. एवढे कागदावर होते, पुढचे हस्तांतरण वेगळ्या साधनाचे काम.

बाझीची सर्वांत खास सोय द्विमितीय वाटपाची आहे. झ्युरिक शहराने २००६ मध्ये आपल्या १२५ जागांच्या नगरपरिषदेसाठी ती पहिल्यांदा वापरली. पक्षाचा एकूण वाटा पूर्ण शहराच्या मतांवर ठरतो, प्रत्येक मतदारसंघाच्या जागा आधीच ठरलेल्या असतात, आणि दोन्ही बाजूंनी बेरीज जुळेल असे वाटप होते. यासाठी मतदारसंघाला एक विभाजक आणि पक्षाला एक, असे दोन आकडे मिळतात. एखाद्या चौकटीतली मते दोघांनी भागा, जवळचा पूर्णांक घ्या, झाली त्या चौकटीची जागा. इथेही पडताळणी फोनवर होते. कधीकधी एखाद्या मतदारसंघात जास्त मतांचा पक्ष रिकामा राहतो आणि कमी मतांच्या पक्षाला जागा मिळते. ती गणितातली चूक नसते, शहरभराची बेरीज जुळवताना ते घडते.

पुण्यात २०१७ ला ४१ प्रभाग होते, ३९ चार सदस्यांचे आणि २ तीन सदस्यांचे. बहुसदस्यीय प्रभाग म्हणजे प्रमाणशीर प्रतिनिधित्व असा समज पसरला आहे, तो चुकीचा आहे. अ, ब, क, ड या चारही जागांची स्वतंत्र लढत होते आणि प्रत्येकीत सर्वाधिक मते मिळवणारा जिंकतो. अभ्यास म्हणून या प्रभागांवर बाझीचे द्विमितीय वाटप चालवायचे असेल तर एक मतदार चार मते देतो हे आधी सावरावे लागते. झ्युरिकमध्येही मतदाराकडे मतदारसंघातल्या जागांइतकी मते असतात, म्हणून पक्षाच्या मतांना तिथल्या जागांच्या संख्येने भागून मगच आकडे पुढे घेतात. आपणही पक्षाची चारही जागांवरची मते मिळवून ४ ने, आणि तीन सदस्यांच्या प्रभागात ३ ने भागावीत. पक्षाने चारपैकी दोनच जागा लढवल्या असतील तर ४ ने भागल्यावर त्याचे बळ निम्मे दिसते आणि २ ने भागल्यावर न लढवलेल्या जागांवरही तितकेच बळ गृहीत धरले जाते. अशा प्रभागांची यादी वेगळी काढा, दोन्ही प्रकारे चालवा, आणि ज्या चौकटींत जागा बदलते त्या दोन्ही आकड्यांसह छापा. कोणती जागा कोणत्या आरक्षणाची हे बाझीला सांगता येत नाही, ते शेवटी प्रभागनिहाय हातानेच बसवावे लागते.